ओवाळणीत मिळालेला पत्ता

भाऊ घर सोडून गेला त्याच्या काही वर्षं आधीची भाऊबीज. ओवाळून झालं, तरी त्याने तबकात काही टाकलं नाही. लॅपटॉप पाटासमोर ओढला आणि म्हणाला, ताई, बघ. पडद्यावर माझं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, आणि त्यापुढे डॉट कॉम. आईला वाटलं, पेपरात नाव छापून आलं. त्याने समजावून सांगितलं की ही माझ्या नावाची वेबसाइट आहे, तिच्यावर मी मला हवं ते लिहू शकते, आणि याच नावाचा ई-मेलचा पत्ताही मला मिळाला आहे. आई म्हणाली, त्यापेक्षा साडी आणली असतीस तर नेसली तरी असती.

आमचं घर किहीमच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, नारळ-सुपारीच्या लहानशा वाडीत. वडील आम्ही शिकत असतानाच गेले. मी अलिबागजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगण्यासारखी नाहीत. भाऊ माझ्याहून बराच लहान. तो न्हावा शेव्याच्या बंदरातून माल पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता. कंटेनरमध्ये काय भरलंय, कुठून आलंय, कुठे चाललंय याचे कागद तयार करायचे आणि पुढे द्यायचे, असं काम. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी यायचा, आणि आल्याबरोबर आधी स्वयंपाकघरात जाऊन कढईवरचं झाकण उघडून बघायचा.

साइटवर मी सुरुवातीला नववी-दहावीच्या नोट्स टाकल्या. मुलांना त्याचा उपयोग झाला. मग कधी वाडीतल्या सुपारीबद्दल, कधी शाळेतल्या एखाद्या प्रयोगाबद्दल चार ओळी लिहायला लागले. ती चालू कशी राहते, हे मला कधी कळलं नाही आणि कळून घ्यायची गरजही पडली नाही. वर्षातून एकदा माझ्या कार्डावरून पैसे आपोआप जात, बँकेचा मेसेज येई. तशी सोय भावानेच करून ठेवली होती.

मग एका कंटेनरमध्ये कागदावर लिहिलेला माल सोडून भलतंच काहीतरी निघालं. खालच्या सहीत भावाचं नाव होतं. हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी तो आठवड्याच्या मधेच घरी आला, जेवला, आईशी माशाच्या गाभोळीबद्दल बोलला आणि सकाळी मुंबईला जाऊन येतो म्हणून लाँच धरायला रेवसच्या बाजूला गेला. पुढच्या आठवड्यात दोन पोलीस आले. ओट्यावर बसले, चहा घेतला, कुठे असतो, कोणाशी बोलतो, विचारून गेले. नंतर पुन्हा एकदा आले. त्याचा एकच फोन आला, आखातातून. मी पोचलो, एवढंच बोलला. तो नंबर दुसऱ्या दिवशीपासून बंद.

वर्षभर काही नाही. आई रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन यायची. कशाला गेली होतीस, असं विचारलं की म्हणायची, गाय शिरली की काय ते बघायला.

आणि एका दुपारी शाळेतून आल्यावर मी ई-मेल उघडला, तर त्यात त्याचं पत्र. अनोळखी पत्त्यावरून आलेलं, मराठी पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं. ‘ताई, मी बरा आहे. शोधू नका. तुझ्या साइटवर वाचलं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कोणता डोळा?’

मी लगेच उत्तर पाठवलं. लांबलचक. आठवडे गेले, काही आलं नाही. पुढे लक्षात आलं की तो दर वेळी नवीन पत्ता काढतो, तिथून लिहितो आणि तो पत्ता पुन्हा कधी उघडत नाही. त्याला भीती होती. कोणी माग काढत येईल, ही. म्हणून त्याला पाठवलेलं काहीही त्याला मिळत नव्हतं. फक्त साइट तो वाचत होता.

मग मी साइटवर लिहिलं: ‘आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं दिवाळीनंतर.’

अशी आमची बोलणी सुरू झाली. तो मेलवर विचारायचा, मी साइटवर लिहायची. त्याचं नाव कधी घेतलं नाही, त्याला उद्देशून असं काही लिहिलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं, एक मास्तरीण घरच्या गोष्टी लिहिते आहे. नोट्स वगैरे मागे पडल्या. आई पलंगावर बसून सांगायची, हे लिही, ते लिही. तांबडा भोपळा खूप लागलाय म्हणून लिही. शेजारच्यांची मुलगी पनवेलला दिली, लिही. एकदा म्हणाली, लिही की मला आता चकल्या चावत नाहीत. मी म्हटलं, हे लोक वाचतात, आई. ती म्हणाली, लोकांना चावत असतील तर लोकांनी खाव्यात.

त्याचे मेल वर्षातून चार-पाच यायचे. कधी एकच ओळ. इथे मासे मिळतात पण कोकम नाही. कधी नुसतं, वाचलं. कुठे आहे, काय करतो, कधी लिहिलं नाही. एकदा बर्फाचा उल्लेख होता, एकदा भट्टीचा. आई त्यावरून आठवडाभर तर्क करत बसायची.

मोठं चक्रीवादळ आलं तेव्हा आमची अर्धी वाडी आडवी झाली. वीज नाही, नेटवर्क नाही, पत्रे उडालेले. कितीतरी दिवसांनी अलिबागला जाऊन फोनवर मेल उघडले, तर त्याचे एकामागोमाग एक. आधी, काय झालं ते लिही. मग, आई कुठे आहे. मग नुसतं, ताई. मी तिथेच स्टँडवर बाकावर बसून फोनवरून साइटवर लिहिलं. आई सुखरूप आहे हे पहिल्या ओळीत. मग पडलेलं एकेक झाड. दोन दिवसांत उत्तर आलं: ‘विहिरीजवळचा फणस राहिला ना. बास.’

मागच्या वर्षी पावसाळ्यात आईला श्वासाचा त्रास सुरू झाला. हृदय मोठं झालंय, पाणी साठतंय, असं डॉक्टर म्हणाले. अलिबागच्या हॉस्पिटलात आम्ही पुष्कळ दिवस होतो. त्या धावपळीत मी साइटकडे फिरकले नाही. आई घरी आली, जरा बसायला लागली, तेव्हा म्हणाली, त्याला लिही, मी आले घरी. काळजीत असेल.

मी कॉम्प्युटर लावला, आपल्या नावाचा पत्ता टाइप केला. पत्त्यांचा जुगार उघडला. सोन्याच्या नाण्यांचा ढीग, हसणारी एक बाई, आणि हिंदीत लिहिलेलं, अभी खेलें. मला वाटलं अक्षर चुकलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तीच बाई. वर पट्टीत माझं नाव, बरोबर स्पेलिंगसकट.

आई आतून विचारत होती, लिहिलंस का. मी म्हटलं, नेट नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. अशी नावं कायमची नसतात, मुदतीवर असतात. मुदत संपली, पैसे भरले गेले नाहीत, नाव सुटलं आणि दुसऱ्या कोणी उचललं. पैसे का गेले नाहीत, तेही निघालं. बँकेने मला नवीन कार्ड दिलं होतं, जुनं बंद झालं होतं. नाव विकणाऱ्या कंपनीने सूचना पाठवल्या असतील, पण त्या खातेदाराला. खातं भावाने काढलेलं, त्याच्या नावाने, त्याच्या तेव्हाच्या ऑफिसच्या ई-मेलवर.

सरांनी माझ्यासमोरच शाळेच्या खात्यावरून माझ्या पत्त्यावर एक मेल पाठवून पाहिला. तो लगेच परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी विचारलं, म्हणजे दुसऱ्या कोणी मला पाठवला असेल तर त्यालाही असंच? ते म्हणाले, हो, त्यालाही हेच उत्तर गेलं असणार.

नाव विकणाऱ्या कंपनीला मी फोन केला. पलीकडची मुलगी मराठी बोलणारी होती आणि चांगली वागली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, खातेदारांना बोलायला सांगा.”

“ते कुठे आहेत, मला माहीत नाही.”

“मग त्यांच्या रजिस्टर केलेल्या मेलवरून आम्हाला एक मेल करायला सांगा.”

मी तिला विचारलं, नाव परत मिळेल का. ती म्हणाली की तसं सांगणं कठीण आहे, नाव आता दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. पण जुन्या साइटवरचं लिहिलेलं काही शिल्लक असेल तर खातेदाराने मागितल्यावर बघता येईल. तेवढ्यासाठीही तो मेल लागणारच होता.

म्हणून मी न्हावा शेव्याला गेले. रेवसहून लाँचने करंज्याला उतरले, तिथून रिक्षा. भाऊ असताना मी त्याचं ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे होते, मैलभर. इमारत सापडली, पण त्या मजल्यावर दुसऱ्याच कंपनीची पाटी होती. आतल्या मुलीला काही माहीत नव्हतं. खाली जिन्यापाशी एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. पूर्वी त्याच ऑफिसात शिपाई होते, आता इमारतीची राखण करतात. त्यांनी मला विचारलं, कोणाकडे आलात. मी भावाचं नाव सांगितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“तुमी त्याची बहीन काय?”

मी हो म्हटलं. त्यांनी उठून मला खुर्ची दिली. कंपनी केव्हाच बुडाली, मेल-बिल सगळं बंद झालं, असं सांगितलं. मग हळूच विचारलं, तो कुठे आहे. मी म्हटलं, ठाऊक नाही.

“त्याला सांगा, आता कोनी इचारत न्हाय. तवाच सगला साहेबांवर गेला. तो उगाच पलाला.”

मला ते खरं वाटेना. अलिबागला येऊन ओळखीच्या एका वकिलांना चौकशी करायला सांगितलं. त्यांना पंधरवडा लागला. त्यांनी सांगितलं की खटला चालला, मालकाला शिक्षा झाली, अपिलातही कायम राहिली. भावाचं नाव आरोपींत नव्हतंच. पोलीस घरी आले होते ते त्याला साक्षीदार म्हणून शोधत.

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. साइट गेल्याचंही. तोपर्यंत नेट नाही, लाइट नाही असं करून चालवलं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती. वकिलांनी सांगितलेलं तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, “हे त्याला कसं सांगायचं?”

मी तिच्या पाठीशी उशी सरकवली.

“त्याला वाटेल, आपण त्याला टाकलं.”

मला वेगळंच वाटत होतं, ते मी तिला बोलले नाही. मला वाटत होतं, त्याला पोलिसांनी साइट बंद केली असं वाटलं असेल. त्याचा मेल परत गेला, साइटवर भलतंच काही दिसलं, म्हणजे आपला माग लागला. तो आणखी लांब गेला असेल. घरचा पत्ता त्याला पाठ आहे, पोस्टाने पत्र टाकता आलं असतं. पण शिक्क्यावरून गाव कळतं म्हणून त्याने इतक्या वर्षांत कधी टाकलं नाही, तर आता कशाला टाकेल. तरी आम्ही पोस्टमनची वाट बघितली. तो आमच्याकडे बँकेची पत्रं आणि नारळ संघाची सभेची नोटीस घेऊन यायचा.

सरांच्या मदतीने मी माझ्याच नावाच्या शेवटी डॉट कॉमऐवजी वेगळी अक्षरं लावून दुसरी साइट घेतली. जुन्या नावाच्या नव्या मालकालाही त्यांनी माझ्या वतीने इंग्रजीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. सर म्हणाले, हे लोक सुटलेली नावं घाऊक उचलतात, ते नाव कोणा माणसाचं आहे की साबणाचं, हेही त्यांना माहीत नसतं. नव्या साइटवर मी पहिल्यांदाच उघडपणे लिहिलं. त्याचं नाव घालून. ‘तुझ्यावर काही नाही. कधीच नव्हतं. आई आजारी आहे. ये.’ खाली माझा मोबाइल नंबर दिला. कोणी गूगलवर माझं नाव शोधलं तर वर काय दिसतं, ते मी रोज बघायची. वर ती जुगाराची साइट दिसायची. मग माझ्या नावाच्या तीन-चार बायका, एक पुण्याची डॉक्टर, एक गाणारी. मी कुठेच नव्हते.

दिवाळीनंतर आई म्हणाली, मला पालीला ने. गाडी केली. बल्लाळेश्वराला ती भाऊ गेल्यापासून दरवर्षी जायची, आणि दरवर्षी गाभाऱ्यासमोर ओठ हलवत पुष्कळ वेळ उभी राहायची. या वेळी नमस्कार केला आणि लगेच बाहेर आली. मी विचारलं, एवढ्यात झालं? ती म्हणाली, “मी काही मागितलं नाही. घर तेच आहे, वाट तीच आहे. ती मोकळी आहे, हे आता त्याला कोणी सांगायचं?” परतताना गाडीत ती झोपली. मला वाटलं झोपली. घर आल्यावर डोळे उघडून म्हणाली, त्या पत्त्यावर जी बाई हसते, ती तरी बघेल का त्याला. मी म्हटलं, ते चित्र आहे आई. म्हणाली, हो, ते मला कळतं.

पौषात ती गेली. त्याच हॉस्पिटलात, दुपारी. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलताना दम लागायचा. एकदा तिने मला जवळ बोलावून विचारलं, लिहिलंस? मी म्हटलं, लिहिलंय. ते खरंच होतं. मी लिहिलं होतं. तिने मान हलवली. तिला माहीत होतं की तो ते वाचणार नाही, आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे.

अग्नी मी दिला. चुलतभाऊ पुढे आला होता, पण मी नको म्हटलं. भटजींनी विचारलं, मुलगा कुठे असतो. मी म्हटलं, परदेशात. येतोय का? नाही, त्याला सुट्टी नाही मिळाली. गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मी नव्या साइटवर लिहिलं, आई गेली. लिहून झाल्यावर वाटलं, हे मी कोणासाठी लिहिलं. मग जुना पत्ता टाइप केला. तीच बाई, तीच नाणी. खाली कोपऱ्यात एक चौकोन होता, आमच्याशी बोला, असा. आधी मी तो कधी पाहिला नव्हता. त्यात मी मराठीत लिहिलं: या पत्त्यावर माझा भाऊ येईल. तो आला तर त्याला सांगा, आई गेली. त्याच्यावर काही नाही.

लगेच उत्तर आलं. नमस्ते, खेल शुरू करने के लिए अपना मोबाइल नंबर दें.

ते यंत्र आहे हे मला कळत होतं. मुलांना मीच शिकवते ते. पण पलीकडे कुठेतरी एखादा माणूस बसत असेल, कधी तरी या चौकोनात बघत असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटलंही नाही. तरी मी नंबर दिला. पुन्हा तेच सगळं लिहिलं. धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू, असं हिंदीत आलं आणि चौकोन मिटला.

तेव्हापासून मला दिवसभर फोन येतात. अनोळखी नंबर, कुठले कुठले. कोणी खेळायला बोलावतं, कोणी कर्ज देतं, कोणी नुसतंच हॅलो म्हणून ठेवून देतं. शाळेत वर्गावर असताना येतात, बाजारात येतात. सरांनी सांगितलं, अनोळखी नंबर बंद करून टाका, फोनमध्ये तशी सोय आहे, मी करून देतो. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

फोन वाजला की मी उचलते. पलीकडचा माणूस बोलायला लागेपर्यंत थांबते. आवाज ऐकते, आणि ठेवून देते.